थोर पुढारी उरले आहेत काय ?

(राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त २५ जानेवारी रोजीं रात्रीं गांवच्या मारुतीच्या देवळापुढें जमलेल्या मंडळीसमोर एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण. ऐकणारांच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



मी कांहीं वक्ता नव्हे, कीं मोठ्या पदव्या मिळविलेला विद्वानही नव्हे. अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकलों आणि गेलीं वीसबावीस वर्षें तुमच्यासारख्यांच्या मुलांस बाराखडी व पाढे शिकवीत आलों. तेव्हां माझ्या बोलण्यांत अलंकार सांपडणार नाहींत. हिशेब मात्र सांपडेल, कारण गणित शिकविणें हा माझा धंदाच आहे.

आजचा विषय मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें दिला. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान झालें. माझी नेमणूक दुसऱ्या तालुक्यांतील एका वाडीवर होती, आणि माझ्याकडे काम होतें बोटास शाई लावण्याचें. दुपारच्या सुमारास ऐंशीच्या घरांतले एक आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. बोट पुढें करून म्हणाले, “गुरुजी, नांवें पुष्कळ हायती म्हणत्यात. पर त्यांत माणूस कंचा, तेवढं सांगा.” खोलींतली सर्व मंडळी हंसली. मीही हंसलों, शाई लावली आणि “पुढें चला, आजोबा” म्हणालों. मतदानकेंद्रावर बसलेल्या नोकरास याहून अधिक बोलतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण तो प्रश्न शाईच्या बाटलीबरोबर परत देतां येईना. तो माझ्याबरोबर घरीं आला. त्याचें उत्तर मी आज देणार आहें.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. मी सरकारी नोकर आहें. अमक्या पक्षास मत द्या, तमक्यास देऊं नका, हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं व मी तें सांगणार नाहीं. ज्या पुढाऱ्यांचीं नांवें आज माझ्या तोंडून येतील, त्यांपैकीं कोणीही आज हयात नाहीं. त्यांस आतां कोणाच्या मताची गरज उरलेली नाहीं. गरज आहे ती आपल्याला, त्यांच्यापासून शिकण्याची.

आपली तक्रार काय असते ? पारावर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवांत एकच बोलणें ऐकूं येतें. पूर्वीं जोतीराव फुले झाले, शाहूमहाराज झाले, बाबासाहेब आंबेडकर झाले, क्रांतिसिंह नाना पाटील झाले. आतां काय आहे ? सकाळीं एका झेंड्याखालीं दिसणारा गृहस्थ संध्याकाळीं दुसऱ्या झेंड्याखालीं हार घालून घेतो. निवडणूक आली कीं पायां पडतो, निकाल लागला कीं गाडीची कांच वर करतो. मग मत द्यावें तरी कोणास ? ही तक्रार खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी आपल्याच उंबऱ्यापाशीं येऊन थांबते, आणि ती कोणी बोलत नाहीं.

आपला एक समज असा आहे कीं, पूर्वीं थोर माणसें होतीं आणि आपल्या आज्यापणज्यांनीं त्यांस निवडून दिलें. हा समज तपासून पाहूं. महात्मा जोतीराव १८७६ ते १८८२ पर्यंत पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. त्यांस निवडलें कोणीं ? कोणीही नाहीं, त्यांची नेमणूक सरकारनें केली होती. शाहूमहाराज १८९४ सालीं गादीवर बसले, १९०२ सालीं त्यांनीं मागासलेल्या जातींसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण ते राजे होते, त्यांच्यापुढें मतपेटी नव्हती. पुढें १९२० सालीं नव्या कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या, तेव्हां मताचा हक्क होता ठराविक शेतसारा किंवा कर भरणारास. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं असा कुळवाडी, मजूर, कुंभार, चांभार, मांग, महार यांच्या हातीं कांहीं नव्हतें. तात्पर्य, ज्या थोर पुरुषांच्या तसबिरी आपण भिंतीवर लावतों, त्यांपैकीं कित्येकांस आपण निवडलें नाहीं. ते आपल्याला असेच लाभले.

सर्वांस मत मिळालें तें स्वातंत्र्यानंतर. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. त्या वेळीं देशांत १७ कोटींवर मतदार होते आणि बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह, अशी व्यवस्था केली होती. हें मत आकाशांतून पडलें नव्हतें. १९१९ सालीं साउथबरो कमिटीपुढें आणि १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें ज्यांनीं दरिद्री, अस्पृश्य माणसाच्या मतासाठीं भांडण मांडलें, ते बाबासाहेबच पुढें राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना संमत झाली आणि एकवीस वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळालें. ती मर्यादा १९८९ सालीं अठरा वर्षांवर आली.

आतां ऐका. १९५२ च्या त्या पहिल्याच निवडणुकींत बाबासाहेब उत्तर मुंबईंतून लोकसभेसाठीं उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं. बाबासाहेब पडले. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत ते पुन्हा उभे राहिले. पुन्हा पडले. दोन वर्षांनीं, ६ डिसेंबर १९५६ रोजीं, ते गेले. आज त्यांच्या पुतळ्याशिवाय चौक नाहीं.

मंडळी, मी हें कोणाच्या निंदेसाठीं सांगत नाहीं. पण “थोर पुढारी असता तर आम्ही त्यालाच मत दिलें असतें” असें जेव्हां आपण छातीवर हात ठेवून म्हणतों, तेव्हां हा दाखला आठवावा. थोर माणूस यादींत होता. त्याचें नांव होतें, चिन्ह होतें, पेटी होती. मतदार दुसऱ्या पेटीकडे गेले. कोणी पक्ष पाहिला असेल, कोणी जात पाहिली असेल, कोणी वाऱ्याबरोबर गेला असेल. एवढें मात्र खरें कीं, माणूस समोर उभा असतांना तो ओळखूं येणें, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं.

लोकांस ओळखतां येतच नाहीं असेंही नाहीं. नाना पाटलांनीं तलाठ्याची नोकरी सोडून इंग्रज सरकाराविरुद्ध प्रतिसरकार चालविलें. त्यांस १९५७ सालीं सातारकरांनीं आणि १९६७ सालीं बीडकरांनीं लोकसभेंत धाडलें. त्यांच्यापाशीं ना कारखाना होता, ना बँक. म्हणजे लोकांच्या मनांत आलें तर तें होतें. तर मग ओळखावें कसें ? माझ्या अल्पबुद्धीला तीन खुणा दिसतात, त्या सांगतों.

पहिली खूण : सर्वजण “होय” म्हणत असतांना जो “नाहीं” म्हणतो. जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेंत असतां व्हाइसरॉयसाहेबांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. बाकी सर्व सभासदांनीं माना डोलविल्या. एकट्या जोतीरावांनीं विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ठराव पास झाला, जोतीराव हरले. पण ती जागा लहान होती म्हणून त्यांचें तें काम लहान ठरलें काय ? नगरपालिकेचा एक सभासद, एक ठराव, एक मत. थोरपणाला दिल्लीची खुर्ची लागत नाहीं, हें यावरून समजावें.

दुसरी खूण : ज्याच्या पाठीमागें लोक आपल्या पोटाला चिमटा घेऊन उभे राहतात. अलिबागजवळ चरी नांवाचें गांव आहे. तेथील कुळें खोताची जमीन कसत आणि पिकाचा मोठा वांटा खोताच्या घरीं जाई. १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं चरी व आसपासच्या गांवांच्या कुळांनीं संप केला. जमीन नांगरायचीच नाहीं, असा निश्चय झाला. शेतकऱ्यानें पाऊस पडत असतां नांगर उचलून ठेवायचा, ही गोष्ट किती कठीण आहे तें तुम्हांस सांगायला नको. एक वर्ष नव्हे, दोन वर्षें नव्हे, १९३९ पर्यंत हा संप चालला. त्यांतून कुळांचे हक्क मानणारा १९३९ चा कायदा आला, पुढें १९४८ चा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कसेल त्याची जमीन होण्याचा दिवस ठरला. मधल्या काळांत, १७ सप्टेंबर १९३७ रोजीं, बाबासाहेबांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, आणि १९३८ च्या जानेवारींत हजारों शेतकरी कौन्सिलावर चालून गेले. त्यांत मराठा, कुणबी, आगरी, महार सर्व होते. बिल तेव्हां पास झालें नाहीं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. आतां विचार करा. नारायण नागू पाटील थोर खरे, पण चरीचीं कुळें पहिल्याच पावसाळ्यांत खोताकडे परत गेलीं असतीं तर ? मग पाटलांचें नांव कोणीं ऐकलें असतें ? पुढारी लोकांस उभें करतो हें खरें. पण लोकही पुढाऱ्यास उभें करतात, हें तितकेंच खरें.

तिसरी खूण : जो पडला तरी जात नाहीं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ सालीं पहिल्यानें आमदार झाले. एकाच पक्षाच्या तिकिटावर, एकाच तालुक्यांतून, ते अकरा वेळां निवडून आले. शेवटचे २०१४ सालीं. १९७२ आणि १९९५ सालीं ते पडलेही. पडल्यावर त्यांनीं पक्ष बदलला नाहीं, गांव सोडलें नाहीं. एस.टी.नें फिरणारा आमदार म्हणून त्यांचा लौकिक शेवटपर्यंत राहिला. २०२१ सालीं ते वारले. सांगोला म्हणजे दुष्काळी मुलुख. तेथील लोकांनीं त्यांस अकरा वेळां निवडलें आणि दोन वेळां पाडलें, म्हणजे डोळे उघडे ठेवून निवडलें असेंच म्हटलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगून पुढें जातों, कारण ती माझ्या पगाराच्या कागदावर दर महिन्याला छापून येते. १९७२ च्या दुष्काळांत आपल्या आयाबहिणी रस्त्याच्या कडेला खडी फोडीत होत्या. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनीं धरून ठेवली. ते तेव्हां विधानपरिषदेचे सभापति होते. कष्टकऱ्यांनीं मोर्चे काढले, आणि १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. त्याला पैसा पाहिजे म्हणून १९७५ सालीं पगारदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला होता. माझ्या पगारांतून महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ते ह्या करापोटीं. मला त्याचें वाईट वाटत नाहीं. २००५ सालीं अशाच हमीचा कायदा सबंध देशासाठीं झाला. एका माणसाची बुद्धि आणि हजारों माणसांचा रेटा, दोन्ही बैल एका जुवाला जुंपले गेले तेव्हां ती मोट चालली.

तुम्ही विचाराल, गुरुजी, हे सर्व गेलेले लोक. आज काय ? आज अशीं माणसें कां दिसत नाहींत ?

याचीं दोन कारणें मला दिसतात. एक कारण पैसा. विधानसभेच्या उमेदवारानें चाळीस लाख रुपयांपर्यंत खर्च करावा, अशी कायद्याची मर्यादा आहे. ही मर्यादा म्हणजे कमाल. प्रत्यक्षांत काय उडतें तें गांवोगांवच्या ढाब्यांस विचारावें. ज्याच्या घरीं दोन एकर कोरडवाहू आणि एक म्हैस, त्याच्या मुलानें ह्या बाजारांत पाऊल कसें टाकावें ? आणि ज्यानें पैसा पेरला तो पीक काढल्याशिवाय राहील काय ? त्यास शिव्या देतांना आपण हेंही आठवावें कीं, त्या पेरणींतले कांहीं दाणे आपल्याही ओटींत पडलेले असतात.

दुसरें कारण असें कीं, पुढाऱ्यांचें रोप जेथें तयार होतें तो वाफाच आपण वाळूं दिला. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाण तेव्हां मुख्यमंत्री होते. शेतकऱ्याच्या पोरानें तेथें कारभार शिकावा आणि मग वर जावें, ही वाट त्यामुळें झाली. तासगांव तालुक्यांतल्या अंजनीचे आर. आर. पाटील १९७९ सालीं सांगलीच्या जिल्हा परिषदेंत गेले, तेथें अकरा वर्षें काम शिकले आणि पुढें राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. पण २०२२ सालीं बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकाच झाल्या नाहींत. प्रशासकांनीं कारभार पाहिला. आपण कोणी हूं कीं चूं केलें काय ? रस्त्यावर खड्डा पडला तर आपण ओरडतों. मतच काढून घेतल्यासारखें झालें, तेव्हां मात्र आपण गप्प होतों. जेथें रोप टाकलेंच नाहीं तेथें लावणीच्या वेळीं चांगलें रोप कां मिळत नाहीं म्हणून रडून काय उपयोग ?

आतां मी माझ्यावर येतों. दुसऱ्यास दोष देऊन भाषण संपविणें सोपें आहे, पण तें शिक्षकास शोभत नाहीं.

आपल्या ह्या गांवांत एक सुतारआण्णा आहेत. नांव घेत नाहीं, तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तुमच्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांनीं केल्या. ग्रामसभेंत पाण्याच्या योजनेचा हिशेब मागणारा गांवांत एकच माणूस होता, आणि तो म्हणजे हे आण्णा. नळाचे पाईप किती आले, टाकीला सिमेंट किती लागलें, हें ते वहींत लिहून आणीत. लोक हंसत. “सुतारानें रंधा मारावा, हिशेब कशाला ?” असें म्हणणारेही होते. मागल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत ते आमच्या वॉर्डांतून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. जेवण दिलें नाहीं, गाडी फिरविली नाहीं. हात जोडून घरोघर आले, वही दाखवून गेले.

मतदानाच्या आदल्या रात्रीं आमचे चुलते घरीं आले. म्हणाले, “गुरुजी, आपल्या भावकींतला उभा आहे. घरचीं मतें बाहेर जातां कामा नयेत.” मी वीस वर्षें मुलांस सांगत आलों कीं, खरें बोलावें, भिऊं नये. त्या रात्रीं मी चुलत्यांपुढें मान खालीं घातली. सकाळीं आमच्या घरचीं चारही मतें भावकीला पडलीं. सुतारआण्णा सात मतांनीं पडले.

आतां तिसरीच्या मुलास घालतों तसें गणित तुम्हांस घालतों. आमचीं चार मतें भावकीच्या उमेदवाराचीं वजा करा आणि तींच आण्णांच्या मतांत मिळवा. सात मतांचा फरक उलटून आण्णा एका मतानें निवडून येतात. एका मतानें, मंडळी. शिक्षकाचें घर, चार मतें, आणि गणित येत असून केलेली चूक.

पुढें काय झालें ? पाण्याच्या योजनेचा हिशेब त्यानंतर कोणीं मागितला नाहीं. टाकी उभी आहे, रंगही दिलेला आहे, आंत पाणी नाहीं. चैत्र लागला कीं माझी आई आणि तुमच्या बायका टँकरच्या मागें कळशा घेऊन धांवतात. आणि सुतारआण्णा ग्रामसभेला येईनासे झाले. आजही ते येथें आलेले नाहींत. आपली एक जागा गेली याचें मला तितकें वाटत नाहीं. विचारणारा एक माणूस गेला, याचें वाटतें. उद्यां आपण म्हणूं, गांवांत बोलणारा कोणी उरला नाहीं हो. उरला नाहीं असें नव्हे. आपण त्यास सात मतांनीं घरीं बसविला.

आतां त्या आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर. “त्यांत माणूस कंचा ?” आजोबा, यंत्रावरचीं नांवें खालून चढत येतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा. खालच्या पायरीवर आम्हींच माणूस पाडला, तर वरच्या पायरीवर तो दिसेल कसा ? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ? पोहरा दिल्लीचा असो कीं मुंबईचा, आड आपल्या गांवांतला आहे.

म्हणून माझें म्हणणें असें. थोर पुढारी शोधीत बसूं नका. थोर कोण तें पुष्कळदां माणूस गेल्यावर कळतें, आणि तेव्हां हार घालण्यापलीकडे आपल्या हातीं कांहीं उरत नाहीं. शोधायचा तो सरळ माणूस. हिशेब मागणारा आणि हिशेब देणारा. त्यास निवडा, आणि निवडल्यावर त्यास मोकळा सोडूं नका. चांगला बैलही कासरा सुटला तर शेजाऱ्याच्या पिकांत शिरतो. चार वर्षें कोणी विचारलें नाहीं तर सरळ माणूसही वांकडा होतो. आणि विचारणारे शंभर असले तर मध्यम माणूसही नीट चालतो. त्यांतूनच एखादा खरा थोर निघतो.

करायचें काय, तें थोडक्यांत सांगतों. २००३ पासून विधानसभेच्या व लोकसभेच्या प्रत्येक उमेदवारास आपल्यावरचे खटले, आपली मालमत्ता व आपलें शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावें लागतें. तें कोणासही पाहतां येतें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं मी शाळा सुटल्यावर ह्याच पारावर तें वाचून दाखवीन; सर्व उमेदवारांचें, एकाचेंच नव्हे. २०१३ पासून ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ असें बटणही मिळालें आहे. तें राग दाखवायला ठीक आहे. पण तणावर राग काढून धान्य उगवत नाहीं, बियाणें पेरावें लागतें.

भगिनींनो, तुमच्याशीं दोन शब्द. पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हां देशांतल्या सुमारें २८ लक्ष बायकांचीं नांवें यादींतून गळलीं. कारण त्यांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें. आज महाराष्ट्रांत पंचायतींतल्या निम्म्या जागा तुमच्या आहेत. पण किती ठिकाणीं खुर्चीवर नांव तिचें आणि बसतो तो ? मृणाल गोरे मुंबईंत गोरेगांवच्या पाण्यासाठीं भांडल्या, तेव्हां लोकांनीं त्यांस ‘पाणीवाली बाई’ असें नांव दिलें. त्या नगरसेवक झाल्या, आमदार झाल्या, १९७७ सालीं खासदार झाल्या. पाण्याची कळशी जिच्या डोक्यावर आहे, तिलाच टाकीचा हिशेब आधीं कळतो. तुम्ही विचारा. आम्ही पुरुष भावकी पाहतों. तुम्ही कळशी पहा.

उद्यां २६ जानेवारी. सकाळीं शाळेंत झेंडावंदन होईल आणि त्यानंतर ग्रामसभा आहे. मी गांवचा मतदार म्हणून तेथें बसणार आहें. पाण्याच्या योजनेचा हिशेब वाचून दाखवावा, अशी विनंती मी उभा राहून करणार आहें. आमचे चुलते येथें समोरच बसले आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनांत आदर आहे, पण ह्या वेळीं मी मान खालीं घालणार नाहीं. आणि ग्रामसभेला जाण्यापूर्वीं मी सुतारआण्णांच्या घरीं जाणार आहें. त्यांच्यापुढें चुकी कबूल करीन आणि म्हणेन, “आण्णा, ती वही घेऊन चला.” ते येतील कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. माझ्याबरोबर दहा माणसें त्यांच्या दारांत उभीं राहिलीं, तर येतील असें वाटतें.

ज्यांस यावेंसें वाटेल त्यांनीं साडेआठ वाजतां शाळेपाशीं यावें.